जुनाट दुखण्याचे रुग्ण संगणकीय नोंदींतून कसे शोधायचे: कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

"पेन क्लिनिक सुरू करायचंय. आपल्याकडे जुनाट दुखण्याचे रुग्ण किती आहेत, तेवढी यादी काढून द्या." अशी मागणी आली की कोणीतरी सॉफ्टवेअरमध्ये 'क्रॉनिक पेन' टाइप करतं आणि वीस-पंचवीस नावं हाती येतात. ती फारच कमी वाटली म्हणून मग नुसतं 'पेन' टाकलं जातं, आणि निम्मी ओपीडी यादीत येते. दोन्ही याद्या कामाच्या नसतात. दंतमहाविद्यालयातले विद्यार्थी, एमआरडीतले (रुग्णालयाच्या नोंदी सांभाळणाऱ्या विभागातले) सहकारी, प्रबंधासाठी माहिती गोळा करणारे रेसिडेंट असे सगळेच मला हाच प्रश्न विचारतात आणि जवळपास सगळे इथेच अडकतात.

याचं कारण साधं आहे. दुखणं जुनाट आहे हे केस पेपरवर शब्दांत फारसं लिहिलेलं नसतं. ते तारखांमध्ये दडलेलं असतं. डॉक्टर 'कंबरदुखी' लिहितात, पाच दिवसांच्या गोळ्या देतात. रुग्ण दीड महिन्याने परत येतो, पुन्हा 'कंबरदुखी', पुन्हा गोळ्या. प्रत्येक भेट सुटी पाहिली तर किरकोळ आहे. चार भेटी एका रांगेत लावल्या की वर्षभराचं दुखणं दिसतं. आपलं काम त्या भेटी रांगेत लावायचं आहे.

मी एका धर्मादाय रुग्णालयात नोंदींचं काम करते. आमच्याकडे ओपनएमआरएस या मोफत नोंदप्रणालीवर उभं असलेलं बाह्मनी हे रुग्णालयाचं सॉफ्टवेअर आहे, म्हणून उदाहरणं त्यातली दिली आहेत. तुमच्याकडे ई-हॉस्पिटल असो, ई-सुश्रुत असो की एखादं खासगी सॉफ्टवेअर, कामाचा क्रम हाच ठेवा.

## टप्पा १: क्वेरीच्या आधी एक कागद

क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. ती लिहायला संगणक सुरू करण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा आणि ज्यांना यादी हवी आहे त्या डॉक्टरांची त्यावर सही घ्या.

१. जुनाट दुखणं म्हणजे काय? वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेची व्याख्या वापरा: तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेलं किंवा तेवढ्या काळात पुन्हा पुन्हा उद्भवलेलं दुखणं. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्येही (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांच्या कोडांची यादी) हीच मुदत आहे. 'पुन्हा पुन्हा उद्भवलेलं' हे शब्द गाळू नका, पुढे त्यांचं काम पडणार आहे.

२. कोणाला शोधायचंय? वय, विभाग, नुसती ओपीडी की भरती झालेलेही.

३. कोणता काळ?

४. यादी कशासाठी? बहुतेक जण ही ओळ सोडून देतात, पण पुढचे सगळे निर्णय हिच्यावरच ठरतात. रुग्णांना क्लिनिकला बोलवायचं असेल तर काही चुकीची नावं आली तरी चालतात, फोनवर उलगडा होतो. वर्षानुवर्षं डायक्लोफेनॅकसारखी पेनकिलर घेणाऱ्यांची मूत्रपिंडं तपासायची असतील तर कोणी सुटता कामा नये. प्रबंधासाठी संख्या हवी असेल तर दोन्ही बाजूंची चूक किती आहे ते मोजून सांगावं लागतं. एकच यादी तिन्ही कामांना पुरत नाही.

काळाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: निदान २४ महिने घ्या. बीड, जालना, अहिल्यानगर भागातल्या रुग्णालयांना तर हे फारच लागू पडतं. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब दिवाळीच्या सुमाराला निघतं ते उन्हाळ्यातच परततं. सहा महिने भेट नाही म्हणून संगणक त्यांना 'बरे झाले' समजतो. प्रत्यक्षात त्या सहा महिन्यांत त्यांनी मोळ्या उचललेल्या असतात. पेरणीच्या दिवसांतही ओपीडी ओस पडते, तेव्हा दुखणं काही थांबलेलं नसतं.

तपासा: कागदावरच्या चार ओळी वाचून तुमच्या विभागातला दुसरा माणूस एखादा केस पेपर 'आत' की 'बाहेर' हे सांगू शकतो का? पाच केस पेपर देऊन पाहा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर ओळी पुन्हा लिहा.

## टप्पा २: परवानगी

नोंदी आपल्याच रुग्णालयाच्या आहेत, मग परवानगी कशाला, असं म्हणू नका. संशोधन असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीकडे जावं लागतं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं नोंदींवरच्या अभ्यासालाही लागू आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधन आणि सांख्यिकीसाठी सवलत आहे, पण त्या माहितीवरून एखाद्या ठरावीक व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नसेल तरच. म्हणजे नुसती मोजदाद करणं वेगळं आणि यादीतल्या माणसाला फोन करणं वेगळं. दोन्ही करायचं असेल तर दोन्हींसाठी वेगवेगळं लिहून मागा.

इशारा: मूळ चालू डेटाबेसवर क्वेरी चालवू नका. सकाळी अकराला मोठी क्वेरी लावली तर नोंदणीच्या खिडकीवर रांग अडते. रात्रीच्या बॅकअपची प्रत वेगळ्या मशीनवर घ्या आणि त्यावर काम करा.

## टप्पा ३: नोंद कशी भरली जाते ते डोळ्यांनी बघा

हा टप्पा गाळण्याचा मोह होतो. गाळू नका. अर्धा दिवस ओपीडीत डॉक्टरांच्या मागे स्टूल टाकून बसा, रुग्ण काय बोलतो आणि स्क्रीनवर काय उतरतं ते बघा.

मी बसले होते तेव्हा मधुमेहाच्या एक बाई आल्या. म्हणाल्या, "पायांची लई आग होते डॉक्टर, रात्री पाय गोधडीच्या बाहेर काढून झोपते." डॉक्टरांनी आपुलकीने ऐकलं, तळव्याला बोट लावून पाहिलं, दोन प्रश्न विचारले. मग स्क्रीनवर निदान निवडलं: 'मधुमेह, प्रकार २'. शेऱ्यात तीन अक्षरं: 'सीएसटी', म्हणजे आधीचंच औषध चालू. बाहेर शंभर माणसं थांबलेली, याहून जास्त टाइप करायला वेळच नव्हता. त्या बाईंचं दुखणं नोंदीत कुठेही नव्हतं, फक्त औषधांच्या यादीत रात्रीची एक प्रीगॅबलिन, म्हणजे नसांच्या दुखण्याची गोळी, होती. त्या दिवसापासून औषधांशिवायची यादी मी अपुरी मानते.

तिथेच बसून आणखी तीन गोष्टी टिपून घ्या:

- वेदनेचा आकडा कोण भरतं? एनएबीएच या रुग्णालयांना दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या मानकांत वेदनेची पाहणी अपेक्षित असल्यामुळे तो रकाना बहुतेक ठिकाणी असतो. गर्दीच्या वेळी सिस्टर रक्तदाबाबरोबर तिथे शून्य टाकून पुढे जातात. रुग्णाला खरोखर विचारून टाकलेलं शून्य आणि घाईतलं शून्य डेटाबेसमध्ये सारखंच दिसतं.
- निदानाचा कोड कोण लावतं? आपल्याकडे आयसीडी कोड बहुधा भरती रुग्णांच्या डिस्चार्जनंतर एमआरडीत लागतो. जुनाट दुखण्याचा रुग्ण मात्र ओपीडीतूनच घरी जातो.
- 'किती दिवसांपासून' हा रकाना आहे का, आणि तो भरला जातो का?

तपासा: ओळखीच्या पाच रुग्णांच्या नोंदी डेटाबेसमध्ये उघडा आणि स्क्रीनवर दिसतं तेच तिथे आहे का ते पाहा. कालावधीचा रकाना स्क्रीनवर 'दिवस' दाखवतो, पण साठवताना मिनिटांत साठवत असेल. तसं असेल तर ९० दिवस म्हणजे १,२९,६०० मिनिटं. हे न पाहता '९० पेक्षा जास्त' अशी अट घातलीत तर दोन तासांची पोटदुखीसुद्धा जुनाट ठरेल.

## टप्पा ४: एक माणूस, एक नंबर

तारखा जोडायच्या तर त्या एकाच माणसाच्या असायला हव्यात. आपल्याकडे केस पेपर हरवला की नवा नंबर निघतो. मार्चची भेट एका नंबरवर आणि जुलैची दुसऱ्यावर पडली की संगणकाला दोन माणसं दिसतात, दोघांनाही एकेकदाच दुखलेलं. जुनाट दुखणं इथेच गायब होतं.

जुळवताना नुसत्या नावावर जाऊ नका. लग्नानंतर बाईंचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, काही जणींचं पहिलं नावही बदलतं. मोबाइल नंबरही पुरेसा नाही, कारण घरातल्या पाच जणांचा एकच नंबर असतो, तोही मुलाचा. चौदा अंकी आभा (आयुष्मान भारत आरोग्य खात्याचा) क्रमांक नोंदवलेला असेल तर उत्तम, पण सगळ्यांकडे तो नसतो. मी हा क्रम वापरते: आधी आभा, नाहीतर पहिलं नाव, लिंग, गाव आणि जन्मवर्षात दोन वर्षांपर्यंतचा फरक, त्यात मोबाइलही जुळला तर जोडी पक्की. बाकीच्या संशयित जोड्या नोंदणीतल्या अनुभवी माणसाला दाखवा. "या दोघी सख्ख्या जावा आहेत, एक नव्हे," हे त्यांनाच माहीत असतं.

इशारा: ही जुळवणी फक्त तुमच्या प्रतीत करा. मूळ नोंदी एकत्र करणं हा वेगळा निर्णय आहे. तो चुकला तर एकीचं औषध दुसरीच्या कागदावर जातं.

## टप्पा ५: चार खुणा गोळा करा

एकाच खुणेवर विसंबून राहू नका. चारही वेगवेगळ्या काढा. प्रत्येक ओळीत रुग्ण, तारीख, खुणेचा प्रकार आणि शरीराची जागा एवढे चार रकाने ठेवा. अजून कोणालाही आत घ्यायचं नाही, कोणाला बाहेरही काढायचं नाही.

### पहिली खूण: निदान आणि कोड

आयसीडी-१० मध्ये 'इतर जुनाट वेदना' यासाठी आर५२.२ आहे, पण तो क्वचितच लागलेला सापडतो. म्हणून कारणांचे कोड घ्या: कंबर-पाठदुखी एम५४, गुडघ्याची झीज एम१७, खुब्याची एम१६, फायब्रोमायल्जिया एम७९.७, मायग्रेन जी४३, चेहऱ्याच्या नसेचं दुखणं जी५०.०, एंडोमेट्रिओसिस एन८०. तुमच्या विभागाप्रमाणे यादी वाढवा.

इथे एक चूक मी सतत पाहते. इंटरनेटवरून उतरवलेली कोडयादी बहुतेक वेळा अमेरिकेची असते. तिच्यात जुनाट वेदनेसाठी जी८९ असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये तो कोड नाहीच. आपल्याकडे बहुधा हीच मूळ आवृत्ती असते, म्हणून क्वेरीला शून्य उत्तरं येतात आणि लोक निष्कर्ष काढतात की रुग्णच नाहीत.

तुमच्याकडे स्नोमेड सीटी (वैद्यकीय संकल्पनांचा फांद्याफांद्यांनी रचलेला संगणकीय कोश) असेल तर काम सोपं होतं. भारतात ते वापरायला शुल्क लागत नाही, पुण्याच्या सी-डॅकमधल्या राष्ट्रीय केंद्राकडून मिळतं. 'जुनाट वेदना' ही संकल्पना (८२४२३००१) तिच्या खालच्या सगळ्या फांद्यांसकट शोधता येते. पण गुडघ्याची झीज त्या फांदीखाली नाही. तो आजार आहे, वेदना नव्हे. ती यादी वेगळी जोडावीच लागते.

बाह्मनी किंवा ओपनएमआरएसवाल्यांनो, 'व्हॉइडेड' हा रकाना शून्य असलेल्याच ओळी घ्या. चुकून भरलेली आणि नंतर खोडलेली नोंद तिथे पुसली जात नाही, फक्त तिच्यावर खूण होते. हे विसरलात तर खोडलेली निदानंही मोजली जातील.

### दुसरी खूण: माणसांचे शब्द

सगळ्यात जास्त रुग्ण इथे सापडतात आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. केस पेपरवर दुखण्याला 'दुखणं' क्वचितच म्हटलेलं असतं. ठणकतंय, ठसठसतंय, चमक मारते, कळ येते, उसण भरली, मुंग्या येतात, आग होते, पोटऱ्या वळतात, पाठ भरून येते, अंग मोडून येतं. त्यात रुग्णांनी डॉक्टरांकडूनच उचललेले शब्द: 'मणक्यात गॅप आहे', 'नस दबली', 'गुडघे झिजले', 'वात आहे'. आधी शंभर जुने शेरे वाचून तुमच्या भागातले शब्द काढा. डॉक्टरांची लघुरूपंही त्यात जोडा, 'एलबीए' म्हणजे कंबरदुखी, 'ओए नी' म्हणजे गुडघ्याची झीज.

आता सापळे.

'कळ' शोधलंत तर 'नातेवाइकांना कळवले' सापडतं. 'कळा सुरू' हे प्रसूतीचं आहे. 'पेन' शोधलंत तर 'इन्सुलिन पेन' येतं. आणि 'वात' शोधलंत तर 'गावात' आणि 'सुरुवात' असलेले सगळे शेरे येतात.

यावर संगणकवाले सांगतात की शब्दाची सीमा लावून शोधा. रोमन लिपीत ते चालतं. देवनागरीत घोटाळा होतो, कारण पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या नेहमीच्या शोध-सोयीला काना-मात्रा हे अक्षर वाटतच नाही. 'गावात' मधल्या पहिल्या कान्यानंतर तिला शब्द संपल्यासारखा वाटतो, आणि पुढचं 'वात' सुटा शब्द म्हणून सापडतं. मी दोन दिवस या चुकीवर घालवले आहेत. उपाय सोपा आहे: शेरा मोकळ्या जागांवर आणि विरामचिन्हांवर तोडा, मग प्रत्येक तुकडा पूर्ण जुळतो का ते पाहा. प्रत्यय लागलेली रूपं ('कंबरेत', 'कंबरेला', 'गुडघ्यात') यादीत वेगळी लिहा.

दुसरा सापळा टायपिंगचा. 'पोटऱ्या' मधला ऱ्य संगणकात निदान तीन तऱ्हांनी साठवलेला असतो: तयार ऱ हे अक्षर वापरून, र खाली नुक्ता देऊन, किंवा र्, मग न दिसणारं जोडचिन्ह आणि मग य. डोळ्यांना तिन्ही जवळपास सारखी, संगणकाला वेगळी. पहिल्या दोन युनिकोडच्या एनएफसी रूपात (एकाच ठरलेल्या रूपात) आणल्या की एक होतात. तिसरी होत नाही, ती हाताने बदलून घ्या.

तिसरा सापळा नकाराचा. रोमन लिपीतल्या शेऱ्यांत नकार आधी येतो, 'नो पेन'. मराठीत तो नंतर येतो, 'कंबर दुखत नाही'. शब्दाच्या दोन्ही बाजूंचे चार-पाच शब्द बघा. 'आईला संधिवात', 'आता आराम आहे', 'काल पडल्यापासून' अशा शेऱ्यांवर खूण करून ठेवा.

तपासा: प्रत्येक शब्दामागे सापडलेले वीस शेरे वाचा. वीसपैकी दहासुद्धा बरोबर नसतील तो शब्द काढा किंवा त्याला जोडशब्द लावा. नुसतं 'आग' काढून 'पाय' किंवा 'तळवे' यांच्याजवळ आलेलं 'आग' घ्या.

### तिसरी खूण: वेदनेचा आकडा

शून्य ते दहाच्या पट्टीवर ४ किंवा जास्त असेल तर खूण घ्या. शून्य असेल तर त्यावरून कोणालाही बाहेर काढू नका, कारण तुम्ही टप्पा ३ मध्ये पाहिलं आहे.

### चौथी खूण: औषधं

त्या मधुमेही बाई इथेच सापडतात. प्रीगॅबलिन, गाबापेंटिन, ड्युलॉक्सेटिन, कमी मात्रेची अमिट्रिप्टिलिन, ट्रॅमाडोल, टॅपेंटाडोल आणि नेहमीच्या पेनकिलर घ्या. आपल्याकडे प्रीगॅबलिन बहुधा मिथाइलकोबालामिनबरोबर एकाच गोळीत येतं. त्यामुळे ब्रँडच्या नावांची यादी रुग्णालयातल्या फार्मासिस्टकडून तपासून घ्या. नुसतं मिथाइलकोबालामिन ही वेदनेची खूण नाही. ते जीवनसत्त्व आहे.

दुहेरी वापराची औषधं सांभाळा. कार्बामाझेपिन फेफऱ्यासाठीही असतं, गाबापेंटिनही. ड्युलॉक्सेटिन आणि अमिट्रिप्टिलिन नैराश्यातही देतात. फेफरं किंवा नैराश्याचं निदान असेल आणि दुसरी कोणतीही खूण नसेल तर हे औषध मोजू नका.

दिवस मोजताना सारखी होणारी चूक: डॉक्टरांनी मात्रा बदलली की बाह्मनीत जुनी ऑर्डर बंद होऊन नवी ओळ तयार होते. दोन्हींचे दिवस बेरजेत घेतले तर ३० दिवसांचे ६० होतात. जुनी ऑर्डर थांबवलेली तारीख बघा आणि तिथपर्यंतचेच दिवस धरा.

अमेरिकेतल्या नोंदींसाठी बेतलेल्या पद्धतींत ९० दिवसांची ओपिऑइड (मॉर्फिनसारखी अफूवर्गीय) औषधं ही मोठी खूण असते. ती जशीच्या तशी उचलू नका. आपल्याकडे ही औषधं फार कमी जणांना मिळतात, आणि मॉर्फिनची खूण धरलीत तर मुख्यतः कर्करोगाचे रुग्ण हाती येतील. उलट आपला रुग्ण बाहेरच्या मेडिकलमधून पेनकिलर घेतो, त्याची नोंद तुमच्याकडे कधीच होत नाही. म्हणून औषध सापडलं नाही, एवढ्यावरून दुखणं नाही असं धरू नका.

## टप्पा ६: तारखा रांगेत लावा

आता नियम. मी हा वापरते, तुम्ही तुमच्या नोंदींप्रमाणे बदला.

अ) डॉक्टरांनी 'क्रॉनिक', 'जुनं दुखणं' किंवा 'दोन वर्षांपासून' असं लिहिलं असेल, किंवा कालावधीचा रकाना ९० दिवसांच्या वर असेल, तर एक नोंद पुरे.

आ) एकाच जागेच्या दुखण्याच्या दोन खुणा, त्यांच्यात ९० किंवा जास्त दिवसांचं अंतर.

इ) दुखण्याचं औषध २४ महिन्यांत मिळून ९० दिवसांपेक्षा जास्त, आणि त्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही प्रकारची एक खूण. त्या पायांची आग होणाऱ्या बाईंसारख्यांसाठी इथे अपवाद ठेवा: मधुमेह आणि प्रीगॅबलिन ९० दिवस एवढं असलं तरी आत घ्या, पण 'तपासायचे' असा शिक्का मारून.

'एकाच जागेच्या' हे शब्द सोडू नका. जानेवारीत मुरगळलेला घोटा आणि मेमध्ये भरलेली मान ही दोन किरकोळ दुखणी आहेत, एक जुनाट नव्हे. जागांचे दहा-बारा गट करा: डोकं-चेहरा, मान, खांदा, पाठ-कंबर, खुबा, गुडघा, हात, पाय-तळवे, पोट, ओटीपोट, सर्वांग. फार बारीक गट केलेत तर 'कंबर' आणि 'माकडहाड' वेगळे पडतात आणि रुग्ण सुटतो.

इशारा: अंतर पहिल्या आणि शेवटच्या खुणेत मोजा, लागोपाठच्या दोन भेटींत नव्हे. दर महिन्याला येणाऱ्या रुग्णाच्या लागोपाठच्या भेटींत कधीच ९० दिवस भरत नाहीत, आणि सगळ्यात जास्त त्रासलेला माणूस यादीबाहेर राहतो. ही चूक मी तीन वेगवेगळ्या ठिकाणी पाहिली आहे.

## टप्पा ७: वेगळे काढा, फेकू नका

- कर्करोगाचं दुखणं: वेगळी यादी करा आणि ती आधी द्या. या रुग्णांना वाट बघायला लावू नका.
- प्रसूतीच्या कळा: पूर्ण बाहेर.
- अस्थिभंग किंवा शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन महिने: त्या काळातल्या खुणा मोजू नका. त्यानंतरही दुखत असेल तर तो आत. अशा दुखण्याला आयसीडी-११ मध्ये स्वतंत्र गट आहे.
- हृदयविकाराचं छातीचं दुखणं: बाहेर, हृदयरोग विभागाकडे.
- चिकनगुनिया: तापाच्या यादीत आहे म्हणून काढू नका. सांधे कित्येक महिने दुखत राहतात.
- सिकल सेल: गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटात काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दुखणं झटक्यांनी येतं, मध्ये माणूस बरा दिसतो. टप्पा १ मधलं 'पुन्हा पुन्हा उद्भवलेलं' इथे लागू पडतं. प्रत्येक झटका 'तात्पुरता' म्हणून सोडलात तर हे रुग्ण कधीच सापडणार नाहीत.

## टप्पा ८: केस पेपर काढून पडताळा

पडताळणी न केलेली यादी कोणाला देऊ नका. यादीतून १०० आणि यादीबाहेरून २०० केस पेपर चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडा. दोन जणांनी वेगवेगळे वाचावेत, आणि कोणता केस पेपर यादीतला आहे हे त्यांना कळता कामा नये. जिथे मतभेद होईल तिथे तिसऱ्या, वरिष्ठ डॉक्टरांना विचारा.

यादीबाहेरचे वाचायचा कंटाळा येतो. पण सुटलेली माणसं तिथेच असतात.

आकडेमोड नीट करा. समजा, एकूण ६,९०० रुग्ण, त्यातले ९०० यादीत. यादीतल्या १०० पैकी ८२ खरोखर जुनाट दुखण्याचे निघाले, बाहेरच्या २०० पैकी १०. घाईत लोक ८२ भागिले ९२ करतात आणि '८९ टक्के सापडले' असं लिहून मोकळे होतात. हे चूक आहे. यादीतले ८२ टक्के म्हणजे ९०० पैकी सुमारे ७३८ खरे. बाहेरचे ५ टक्के म्हणजे ६,००० पैकी सुमारे ३०० सुटले. खरे एकूण १,०३८, त्यातले ७३८ सापडले, म्हणजे ७१ टक्के. नमुना कुठून किती घेतला याचा भार न लावल्यामुळे ७१ चे ८९ झाले होते.

सुटलेल्या त्या १० जणांचे केस पेपर टेबलावर मांडून एकेक वाचा. एखादा शब्द राहिला होता का, नंबर दोन होते का, की नोंदच झाली नव्हती? पहिल्या दोन चुका दुरुस्त करा आणि टप्पा ५ पासून पुन्हा चालवा. दुसऱ्या फेरीसाठी केस पेपर नवे निवडा. ज्या कागदांवरून नियम सुधारला त्याच कागदांवर तो तपासला तर तो बरोबरच दिसणार.

## टप्पा ९: यादी हाती देताना

यादीत नाव, नंबर, जागा, कोणत्या नियमाने आत आला आणि शेवटची भेट एवढंच ठेवा. आजारांचा पूर्ण इतिहास जोडू नका. एक्सेलला पासवर्ड लावा आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका, 'फक्त पाच मिनिटांसाठी'सुद्धा नाही.

फोन करणाऱ्या सिस्टरना काय बोलायचं ते लिहून द्या. "तुम्हाला क्रॉनिक पेनचा आजार आहे" असं नाही. "मावशी, मागे तुम्ही गुडघ्यासाठी आला होतात. अजून दुखतंय का? कामाला त्रास होतो का?" एवढंच. फोन बहुधा मुलगा किंवा सून उचलते, त्यामुळे रुग्ण स्वतः फोनवर येईपर्यंत दुखण्याचा विषय काढू नका.

संगणकाने शोधलं म्हणून रुग्णाच्या कायमच्या नोंदीत आपोआप निदान टाकू नका. ते डॉक्टरांनी माणूस समोर बसवून, तपासून लिहायचं असतं. एकदा 'जुनाट दुखणं' चिकटलं की पुढच्या वेळी पोटात काही गंभीर असलं तरी "यांचं नेहमीचंच" म्हणून दुर्लक्ष होतं.

फोनवर आलेली उत्तरं यादीतच नोंदवा: दुखतंय, थांबलं, चुकीचं नाव, नंबर लागत नाही. क्वेरी, शब्दांची यादी आणि चालवल्याची तारीख एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि दर सहा महिन्यांनी ती पुन्हा चालवा. एखादी फेरी मे-जूनमध्ये येईल असं बघा, कारखान्यांवरून माणसं तेव्हा गावी परतलेली असतात.